शिवमूर्तींच्या छातीवरची डबी

मी एक चांदीची डबी. लिंबाएवढी, दोन्ही बाजूंना कान असलेली. निलंग्यातले कापड दुकानदार शिवमूर्ती यांच्या गळ्यात मी पांढऱ्या दोऱ्यानं लटकत असे आणि माझ्या पोटात त्यांचं इष्टलिंग, म्हणजे लिंगायतांना दीक्षेत गुरूकडून मिळणारं लहानसं शिवलिंग, असे. आज मी कोनाड्यात पडून आहे. सांगायला बसले खरी, पण आधीच सांगून ठेवते, माझ्याच आयुष्याचा अर्थ मला लागलेला नाही.

रोज सकाळी आंघोळ करून मालक घोंगडीवर बसत. मला उघडून इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत, भस्म लावत, बेल वाहत आणि त्यावर नजर लावून ध्यान करत. ही पूजा झाल्याखेरीज ते अन्नाला शिवत नसत. त्यांच्या आई पार्वतम्मा लेकाचा पहिला घास पाहिल्यावरच स्वतःची भाकरी मोडत.

नजर लिंगावर असली तरी मालकांचं मन दुकानात असे. मध्येच ते नोकराला हाक मारत, चहा निवल्यावरून बायकोवर, सिद्धम्मावर, डाफरत. एकदा तर कपडा मोजायचा लोखंडी गज त्यांनी नोकराच्या अंगावर फेकला होता, आणि तोही पूजेवरून उठल्या उठल्या. मी शेजारी उघडी पडून हे सगळं बघायची. मला वाटायचं, ध्यान म्हणजे असंच असत असेल. चांदीच्या डबीला यातलं काय कळणार?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुकानातली गिऱ्हाइकं आटली, नोकर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. गल्लीच्या विहिरीत तळाशी एक झिरा तेवढा उरला होता. पाळीपाळीनं एकेका घरातलं माणूस खाली उतरे आणि वाटी वाटीनं घागर भरे. आमची पाळी आली तेव्हा मालक स्वतः उतरले. वर सिद्धम्मा दोर धरून उभी होती.

ते झिऱ्यावर वाकले आणि माझं झिजलेलं झाकण उघडलं. लिंग निसटून गाळात गेलं.

मालकांनी दोन्ही हात कोपरापर्यंत गाळात घातले. वेड्यासारखे ते चिखल उपसू लागले. झिरा गढूळ झाला. वरून कुणीतरी म्हातारी म्हणाली, "बापा, गाळ हालवू नको. लेकरं पितेत ते पानी."

मालकांचे हात थांबले. मी त्यांच्या छातीवर उघडीच लोंबत होते, त्यामुळं त्यांच्या काळजाची धडधड मला चांगली आठवते. मग त्यांनी हात बाहेर काढले, पाणी निवळायची वाट बघितली, घागर भरली आणि माझं झाकण लावलं. लिंग तिथंच राहिलं.

आता पुढचं कोडं. लिंग हरवलं तर गुरूकडून नवं मिळेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, हा त्यांच्या घराचा जुना नेम. मालक उपाशी राहिले असते तर पार्वतम्माही राहिल्या असत्या, आणि दुष्काळानं त्यांची आधीच काडी झाली होती. मालकांनी आईला काही कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीकडे तोंड करून बसले, मला उघडलं, रिकामा तळहात समोर धरला आणि नजर लावली. हात थरथरत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं. पूजा आटोपल्यावर त्यांनी आईसमोर घास घेतला आणि तो त्यांना गिळवेना.

असं रोज चाललं. पण हळूहळू हाताचा कंप गेला. श्वास इतका संथ झाला, की मला भीती वाटे. दुष्काळ सरून नोकर परत आले, तरी बसल्यावर त्यांना हाक नाही, चहाची चौकशी नाही. गिऱ्हाईक ढीगभर लुगडी उलगडून काही न घेता गेलं, तर मालक एकटेच शांतपणे घड्या घालत. एक दिवस ते पूजेवरून उठले आणि सिद्धम्माला म्हणाले, "तू जेवलीस का?" लग्न होऊन वीस वर्षं झाली होती, पण हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

मी भरलेली होते तेव्हा या माणसाला शांती नव्हती आणि रिकामी झाल्यावर ती आली. लिंगानं काही दिलं नाही असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण मग दिलं कुणी?

पार्वतम्मा गेल्या. मला वाटलं, आता तरी मालक मठात जाऊन नवं लिंग आणतील. गेले नाहीत. पुढं लातूर जिल्हा झाला. दुकानाच्या पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून रंगाऱ्यानं 'जिल्हा लातूर' लिहिलं. गावात सगळंच नवं होतंय तर माझंही नशीब उघडेल, अशी मला आशा लागली. मालकांनी पाटी बघितली, हसले आणि माझ्यावरून हात फिरवला. बस, तेवढंच.

काही वर्षांनी मालक वारले. रीतीप्रमाणं त्यांचा देह मांडी घालून बसवला. समाधी देताना लिंग डाव्या हातात ठेवायचं असतं, म्हणून जंगम स्वामींनी मला उघडलं. आत काहीच नाही. लिंगाशिवाय समाधी कशी द्यायची, अशी कुजबुज सुरू झाली. त्या क्षणी मला वितळून जावंसं वाटलं.

सिद्धम्मा पुढं आली.

"मला ठावं हाय, स्वामी. त्या दिशी दोर माझ्याच हातात होता. एकदा मी इचारलं बी, नवं का आणत न्हाई म्हणून. तर म्हणले, ते गल्लीच्या पाण्यात हाय. माझा हात आता रिकामा वाटत न्हाई."

मग तिनं त्या विहिरीचं तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. पाणी आल्यावर स्वामींनी मालकांच्या डाव्या तळहातावर भस्म लावलं, वर ते पाणी सोडलं आणि बोटं मिटवली.

मला सिद्धम्मानं घरी आणलं. ती अधूनमधून मला राखेनं घासते, उघडते, आत बघते आणि पुन्हा मिटून ठेवते. मालकांचा हात रिकामा नव्हता म्हणे. मी मात्र त्यांच्या छातीला इतकी वर्षं चिकटून होते, आणि त्यांना काय सापडलं ते मला दिसलं नाही. तुमच्यापैकी कुणी रोज डोळे मिटून बसत असेल, तर उठल्यावर एकदा या कोनाड्याशी या. काय असतं तिथं, ते मला हळूच सांगा. माझं झाकण अजूनही सैलच आहे.