बाळसं

सरकारी दवाखान्यातल्या सुमनताई लेकरांना तोलायला वजनकाटा घेऊन कुरुळीत आल्या म्हटलं की बायका दारं लोटून घ्यायच्या. दुष्काळ सरून वर्ष उलटलं होतं, पण धास्ती सरली नव्हती. मागच्या खेपेला ताईंनी कुशाबाईचा काटकुळा पोरगा झोळीत घालून काट्याला टांगला आणि महिन्याच्या आत तो गेला. आधीपासूनच तो खंगत चालला होता, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. जितं लेकरू धान्यासारखं तोललं की त्याचं आयुष्य घटतं, एवढंच गावानं धरून ठेवलं.

रतनबाईनं म्हणूनच त्या दिवशी आपल्या तान्ह्याला आतल्या खोलीत झोळीत घालून वरून लुगडं पांघरलं होतं. तान्हा अंगानं किरकोळ होता. तिचा जीव टांगणीला असायचा तो त्याच्यापायी. थोरल्या हौसाची मात्र तिला काडीची काळजी नव्हती. हौसाला दोन वर्षं होत आली होती. पुन्हा दिवस गेल्यावर रतनबाईनं तिला अंगावरून तोडलं, तेव्हा पोर रडरड रडली आणि मग आपोआप शांत झाली. आता तर गाल इतके वर आले होते, की डोळे बारीक दिसत. पाय गुबगुबीत, केसांवर तांबूस झाक. सासू सोजरबाई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "पोरीनं बाळसं कसं धरलंय बघा. आन् गुणाची किती! बसवली तिथं बसती. खायलासुदीक मागत न्हाई."

सुमनताई अंगणात आल्या तेव्हा रतनबाईनं हौसालाच पुढं केलं.

"आमच्यात ही येवढीच हाय," ती खोटं बोलली. मनात म्हणाली, तोलायचीच तर हिला तोला, हिला काय होतंय.

सुमनताईंनी काटा पिशवीतून काढलाच नाही. त्या उकिडव्या बसल्या, हौसाचं पाऊल हातात घेतलं आणि त्यावर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तर तिथं खळगा पडलेला, ओल्या मातीत बोट रुतावं तसा. आता भरून येईल, आता येईल म्हणून रतनबाई बघत राहिली. तो भरला नाही.

"हे बाळसं नव्हे, रतनबाई," सुमनताई हळू आवाजात म्हणाल्या. "ही सूज आहे. काय खायला घालता हिला?"

"भाताची पेज. कधी भाकरी कुस्करून पान्यात."

"आणि दूध? डाळ?"

"दूध डेरीला जातं. पर ताई, तोलून तर बघा. जड भरंल ती!"

"भरेल की. म्हणून तर हिच्या बाबतीत काट्यावर विसंबायचं नाही. अंगात पाणी साठलंय तिच्या. पोर शांत आहे ती गुणाची म्हणून नव्हे. रडायचं त्राण उरलेलं नाही तिच्यात." सुमनताई उठल्या. "आजच पिंपरीला दवाखान्यात न्या. उद्यावर ढकलू नका."

ज्या लेकराला रतनबाईनं निर्धास्तपणे पुढं केलं होतं, तेच हातातून निसटत होतं, तिच्या डोळ्यांदेखत, आणि ती सुजेला बाळसं म्हणत बसली होती. तिनं तान्ह्याला झोळीतून उचललं, हौसाला कडेवर घेतलं आणि सासू मागून ओरडत असताना एसटीचा रस्ता धरला. जयसिंग, तिचा नवरा, आकुर्डीला कंपनीत होता. शिफ्ट सुटल्यावर निरोप मिळाला तसा तो परस्पर दवाखान्यात आला आणि हौसाचं सुजलेलं पाऊल चाचपत खाटेपाशी उभा राहिला.

पातळ दुधात साखर आणि थोडं तेल घालून चमच्यानं पाजायचं, अगदी थोडं, पण पुन्हा पुन्हा. डॉक्टरीणबाईंनी हे काम रतनबाईलाच लावून दिलं. हौसा तोंड फिरवायची. गिळलेलं कधी ओकून टाकायची. पोटरीची कातडी पापुद्र्यांसारखी सुटत होती आणि तिथं हात लागला तरी पोर बारीक आवाजात कण्हायची. शेजारच्या खाटेवर असंच सुजलेलं एक मूल होतं. एका सकाळी रतनबाई नळावरून परत आली तर ती खाट रिकामी. परिचारिका गादी पुसत होती. त्याची आई कुठं गेली हे विचारायची रतनबाईला छाती झाली नाही.

रोज सकाळी हौसाला काट्यावर ठेवत, आणि रोज काटा थोडा खाली येई. गाल ओसरले. मग पाय. बघता बघता पोर एवढीशी झाली, नुसती बरगड्यांची आणि मोठ्या डोळ्यांची. रतनबाईला कुशाबाईचा पोरगा आठवला. गाव म्हणत होतं तेच खरं असेल तर? रोज तोलून तोलून हे लोक तिचं आयुष्यच उतरवून घेत असतील तर?

तिनं डॉक्टरीणबाईंना कसंबसं विचारलं, "बाई, पोर बरी व्हतीया का सरतीया?"

"पाणी उतरतंय. आता दिसतेय ती तुझी खरी पोर. एवढीच उरली होती ती आत."

"मंग जगंल न्हवं?"

"अजून सांगता येत नाही. पाजत राहा."

एके दिवशी सोजरबाई जयसिंगबरोबर आली ती भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. नातीला पाहिलं आणि तिनं कपाळ बडवलं.

"सोन्यासारखी पोर दिली आन् हाडांचा सापळा केला ह्यांनी! रगत वढून घेत्यात म्हनत्यात ते खोटं न्हाई. उचल गं. जयसिंग, बघतोस काय? चल घरला!"

जयसिंगनं बायकोकडं पाहिलं. तोही घाबरला होता. त्याचा हात पोरीखाली गेलासुद्धा.

"ऱ्हाऊ द्या तिला," रतनबाई म्हणाली. "आत्याबाई, मी न्हाई यायची. मलाबी भ्या वाटतंय. पर घरी काय घालनार हाय आपन तिला? तीच पेज?"

सोजरबाई काही बोलणार, तोच शेजारच्या रिकाम्या खाटेवर नवं मूल आणून निजवलं. गोरटेलं, गोलमटोल, केस तांबूस. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. सोजरबाई वाकून बघत होती. खळगा तसाच राहिला.

म्हातारी खाटेपाशी खाली बसली.

"माझा थोरला असाच व्हता," ती म्हणाली. "सोपान. असंच त्वांड, असंच क्यास. समदी म्हनायची, बाळसं बघा पोराचं. आन् गेला, तवा म्हनली, नजर लागली." तिनं सुनेकडं पाहिलं. "मीच पेज पाजत व्हते गं त्याला. मुकाट गिळायचा."

रतनबाईनं तान्ह्याला सासूच्या मांडीवर दिलं आणि पुन्हा वाटी-चमचा घेतला. सोजरबाई घरी गेली नाही. ती तिथंच खाटेखाली पटकूर टाकून राहिली.

काटा आणखी खाली आला आणि मग एका सकाळी जागचा हललाच नाही. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. त्यानंतर हौसानं एकदा चमच्यावर हात मारून दूध सांडलं आणि घसा फुटेल एवढं भोकाड पसरलं. एवढा आवाज ऐकून बायका गोळा झाल्या. रतनबाई हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोर हसली ती पुढं कधीतरी, आजीनं पदराआड तोंड लपवून "भ्वाँक" केलं तेव्हा. तोवर काटा वर चढायला लागला होता.

गावी आल्यावर दूध डेरीला जायचं कमी झालं. सोजरबाई स्वतः शेंगदाणे आणि फुटाणे कुटून गुळात घालायची. हौसा धावू लागली. रतनबाई मात्र पहिल्यासारखी कधी निर्धास्त झाली नाही. पोर हट्ट करून रडली की तिला बरं वाटे. कधी घरात ती गप्प बसलेली दिसली, की हातातलं काम टाकून रतनबाई धावत जाई आणि तिला हलवून विचारी, "काय झालं गं? भूक लागली? माग की मग, माग!"