पावडर नको म्हणणारे हात

"पावडर नको म्हननाऱ्यांनी हात वर करा," असं सरपंच आप्पासाहेब म्हणाले आणि मारुतीच्या देवळापुढचं पटांगण हातांनी भरून गेलं.

प्रमिला देवळाच्या भिंतीशी उभी होती. चौदा महिन्यांचा शिरीष कडेवर होता. त्या हातांत बांगड्यांचे हात दिसले तशी ती टाचा उंचावून एकेक हात बघू लागली. लग्न होऊन ती या गावात आली त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती पाणवठ्यावर बायकांना सांगत आली होती, अगं, ग्रामसभेला या, मागं उभ्या राहू नका, तुमचंही मत आहे. बायका हसायच्या. "मास्तरीणबाई, आमी हात वर केल्यावर भाकरी कोन थापंल?" म्हणायच्या. आज त्या आल्या होत्या. एकूण एक आल्या होत्या, आणि हातही वर केले होते.

गोष्ट पाण्याची होती. त्या वर्षी, बहात्तरच्या उन्हाळ्यात, सोनईच्या अलीकडची सगळीच गावं कोरडी पडली होती. गावात पिण्याच्या पाण्याची एकच जागा उरली होती, ती म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. पाणी इतकं तळाला गेलेलं की बायका खाली उतरून, पाण्यात पाय घालूनच घागरी भरत. शेजारच्या हिंगणवाडीत उलट्या-जुलाबांनी आठवड्यात चार माणसं गेली होती, त्यातली तीन पोरं. म्हणून नर्सबाई सायकलवरून आली, पांढऱ्या पावडरीचा डबा शाळेत ठेवून गेली. विहिरीत टाका म्हणाली.

चूक झाली ती एवढीच, की हीच नर्सबाई थंडीत जीप घेऊन आली होती आणि पाच बायकांना मुलं बंद करायच्या ऑपरेशनच्या कॅम्पला घेऊन गेली होती.

"तवा पाच जनी गेल्या," सभेत साळूबाई सुईण म्हणाली. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती. ती उठली की बाप्येसुद्धा गप्प बसत. "पाचावर सरकारचं पोट भरलं न्हाई. आता जीप नको न् कॅम्प नको. पान्यातच घालायचं, म्हंजी समद्या गावाचं एकदम हुतंय! नर्सबाई कुनाच्या पोटावर उठलीय ते मला इचारा."

बायकांत हशा पिकला, पण तो भ्यालेला हशा होता. प्रमिलाच्या शेजारच्या घरातली बायडाबाई तर हसलीही नाही. तिचं पहिलं मूल गेलं होतं, दुसरा छगन अडीच वर्षांचा होता, आणि आता तिसरं राहत नव्हतं म्हणून ती उपास करत होती.

"साळूबाई, असं काही नसतं हो," प्रमिला भिंतीजवळूनच बोलली. आवाज तिला हवा होता तेवढा मोठा निघाला नाही. "पावडरीनं पाण्यातले जंतू मरतात. शहरात सगळीकडे टाकतात. मी नगरला कॉलेजात असताना रोज तेच पाणी पीत होते."

"आन् झालं किती?" साळूबाईनं शिरीषकडे बोट केलं. "तीन वर्सांत येक!"

आता मात्र पटांगण खदखदून हसलं. बाप्येही हसले. आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि हात वर करायला सांगितलं. ग्रामसेवकानं मोजायचं नाटक केलं, मग कंटाळून "बहुमत" असं लिहिलं.

"आता, टाका म्हननारे?"

प्रमिलानं हात वर केला. शिरीषला वाटलं खेळ आहे, त्यानंही केला. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक हात दिसला, टांगेवाल्या कादरचा. त्याचा पोरगा पूर्वी पटकीनं गेला होता. तिचा नवरा गोरक्षनाथ, शाळेचा मास्तर, पुढच्याच रांगेत सतरंजीवर बसला होता. तो खाली बघून सतरंजीचा दोरा ओढत राहिला.

दोन हात. सगळं गाव वळून त्या दोन हातांकडे बघत होतं.

"अहो, तुम्ही तरी," घरी आल्यावर ती म्हणाली.

"मी तरी काय? आप्पासाहेबांच्या एका चिठ्ठीवर माझी बदली राजूरच्या डोंगरात होईल. तू पोर घेऊन तिथं राहशील?"

"इथं पोर राहील का, ते बघा आधी."

"अगं, उकळून पाज ना त्याला. आपल्यापुरतं बघ."

ती आपल्यापुरतं बघतच होती. दुष्काळात सरपण कुठलं? दिवसाला एक हंडा उकळायचा, फडक्यातून गाळायचा, झाकायचा. पण पोर रांगतं-चालतं झालेलं. बायडाबाईच्या ओट्यावर छगनच्या वाटीत तोंड घालायचं, दारातल्या डबक्यात हात घालून तोच हात चोखायचं. दिवसातून दहादा ती त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. तो झोपला की त्याचं पोट हलतंय का बघायची. मार्चमध्ये इलेक्शनच्या रांगेत ती केवढ्या अभिमानानं उभी होती! कॉलेजात राज्यशास्त्राच्या पेपरात तिनं लोकमताच्या सामर्थ्यावर चार पानं लिहिली होती. हेच का ते लोकमत? शंभर माणसं म्हणाली पाणी चांगलं, म्हणजे ते चांगलं होतं का? तिला राग यायचा, आणि राग ओसरला की खाली भीती तशीच बसलेली असायची.

शुक्रवारी हिंगणवाडीतून पाचव्या मरणाची बातमी आली. ते पोर चौदा महिन्यांचं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नवरा जेवून आडवा झाला. गाव सगळं दुष्काळी कामावर, खडी फोडायला गेलेलं. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. प्रमिलानं खुंटीवरच्या सदऱ्यातून शाळेची किल्ली काढली.

डबा उघडला तेव्हा वासानं तिचे डोळे चुरचुरले. नर्सबाईनं माप सांगितलं होतं, पण ते भरल्या विहिरीचं. आता पाणी गुडघाभर. मग किती? एक पेला? कमी टाकली तर जंतू राहायचे. जास्त टाकली तर? तिनं एक पेला घेतला, थोडी थांबली, अर्धा आणखी घेतला. बादलीत कालवून गाळ बसू द्यायला सांगितलं होतं. तेवढी सवड कुणाला होती? पायऱ्या उतरताना तिच्या वहाणांचा आवाज विहिरीत घुमत होता. तिनं वहाणा काढल्या. दगड तव्यासारखे तापलेले. तळाशी पोचून तिनं बादली उपडी केली. पाणी पांढरं झालं, आणि ते पांढरं हळूहळू पसरत गेलं. जणू कुणीतरी तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहीत होतं.

ते तसंच झालं. संध्याकाळी कामावरून आलेल्या बायका खाली उतरल्या आणि घागरी रिकाम्याच घेऊन वर आल्या. कुणी ओरडलं नाही. साळूबाईनं ओंजळीतलं पाणी हुंगलं, सांडलं आणि पदराला हात पुसत प्रमिलाच्या घराकडे बघितलं. बस, एवढंच. मग सगळ्या ओळीनं ओढ्याकडे गेल्या. ओढ्याच्या वाळूत एक झिरा होता. वाळू उकरली की वाटी-वाटी पाणी पाझरायचं. गावची गुरं त्यातच तोंड घालत.

प्रमिला दारात उभी राहून बघत होती. हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ते पाणी पिणार नाहीत, हे!

रविवारी सकाळी आप्पासाहेब आले. ओट्यावर बसले, चहा नको म्हणाले.

"कुनी टाकली ते मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले, "आन् म्हाईत करूनबी घ्यायचं न्हाई. फकस्त डबा शाळेतला हाय, मास्तर, आन् किल्ली तुमच्यापाशी."

गोरक्षनाथचा चेहरा पिठासारखा झाला.

"आप्पासाहेब," प्रमिला आतून म्हणाली, "तुमच्या मळ्यातल्या विहिरीत काय टाकलंय?"

आप्पासाहेबांनी आत वळून बघितलं. मग हसले, पण हळू. "पावडर टाकलीय. मी काय येडा हाय व्हय? पन दिवाळीनंतर पंचायतीचं इलेक्शन. लोकं नको म्हनली की नको. मी लोकांचा मानूस हाय, वहिनी."

"आणि लोकं ओढ्याचं पितायत ते?"

"ते त्येंचं त्येंनी ठरवलंय. आमी कोन सांगनार?" ते उठले. "आता तुमी सांगून बघितलंच की."

त्या दिवशी विहिरीवर ती एकटीच गेली. भरलेली घागर मुद्दाम गावातून, चावडीपुढून आणली, बघा, मी पिते म्हणून. स्वयंपाक त्या पाण्यानं केला, स्वतः प्याली, नवऱ्याला दिलं. शिरीषला तेवढं आदल्या हंड्यातलं, शुक्रवारी उकळून ठेवलेलं देत राहिली. ते आधी संपवायला हवं, वाया कशाला घालवायचं, असं ती स्वतःशी म्हणाली. सोमवारी हंड्याच्या तळाशी दोन पेले उरले तेव्हा तिनं ते वाटीनं मोजून द्यायला सुरुवात केली.

मंगळवारी सकाळी बायडाबाईच्या घरातून ओकारीचा आवाज आला.

प्रमिला धावली. छगन गोधडीवर पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. बायडाबाई त्याच्या पोटावरून हात फिरवत नुसती बसली होती. कोपऱ्यात साळूबाई चुलीतली राख उचलून दृष्ट काढत होती.

"रात्रीपास्नं पान्यावानी जातंय," बायडाबाई म्हणाली. आवाजात काही उरलंच नव्हतं.

प्रमिलानं गोरक्षनाथला हाक मारली. तो आला, त्यानं पोराकडे बघितलं, आणि या खेपेला मागंपुढं न बघता अनवाणीच कादरकडे पळाला. टांगा पहाटेच सोनईला भाडं घेऊन गेला होता. परत येऊन पोराला दवाखान्यात न्यायला दोन तास तरी लागणार होते. तोवर पोराच्या अंगात पाणी राहायला हवं होतं. गुळाचं आणि मिठाचं पाणी, घोट घोट, थांबायचं नाही. नर्सबाईनं हेही सांगितलं होतं.

ती घरी गेली. घागरीतलं पाणी उकळून ठेवलेलं होतं. त्यात गूळ-मीठ विरघळवलं, शिरीषला कडेवर घेतलं आणि तांब्या घेऊन परत आली. बायडाबाईनं तांब्याकडे बघितलं.

"हे हिरीचं हाय?"

"हो."

"पावडरीचं?"

प्रमिलाला नाही म्हणता आलं असतं. एक शब्द, आणि पोराच्या घशाखाली पाणी गेलं असतं. शनिवारी तिनं कुणाला विचारलं नव्हतं. त्याचं पुढं काय झालं ते त्या गोधडीवर पडलेलं होतं.

"हो," ती म्हणाली. "मीच टाकली. तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलं तरी टाकली. ओढ्याचं पाणी त्यापायी प्यालात. माझं चुकलं असेल, बायडाबाई, पण आता याला हे पाजा. मी पिते रोज. परवापासून मी हेच पितेय."

"बग, बग, तोंडानं सांगतीय!" साळूबाई राखेची मूठ घेऊन तशीच उभी राहिली.

बायडाबाईनं तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ती शिरीषकडे बघत होती.

"तुमचं लेकरू पितं व्हय हे पानी?"

चुलीत लाकूड तडतडलं. दीड पेला. गुडघाभर पाणी. गाळ बसू दिला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही दिलं."

"का?"

जंतू, शहर, कॉलेज, सगळं सांगून झालं होतं आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तरी तीन दिवस ती जुन्या हंड्याच्या तळातून वाटी वाटी काढत होती. आपण कशाला भ्यालो, ते या घडीला तिला कळलं. पटांगणात वर झालेला बांगड्यांचा प्रत्येक हात यालाच भ्यालेला होता.

ती खाली बसली. शिरीषला मांडीवर घेतलं. वाटीत पाणी ओतताना निम्मं जमिनीवर सांडलं. गोडाच्या वासानं पोरानं आपणच तोंड पुढं केलं. ती एक क्षण थांबली. मग वाटी त्याच्या ओठांना लावली.

शिरीष प्याला. गटागटा प्याला, दम लागून थांबला, पुन्हा प्याला. प्रमिला त्याच्या घशाकडे बघत होती. बायडाबाईही बघत होती. साळूबाईसुद्धा वाकून बघत होती. वाटी संपली तसं त्यानं ती उलटी करून जमिनीवर आपटली आणि आणखी मागितलं.

बायडाबाईनं छगनचं डोकं उचलून मांडीवर घेतलं.

"आना," ती म्हणाली. "पन तुमी हितंच बसायचं. टांगा येस्तोवर. तुमच्या पोराला घिऊन. हलायचं न्हाई."

"नाही हलत," प्रमिला म्हणाली.

पहिला घोट छगनच्या ओठांच्या कडेनं बाहेर आला. दुसरा आत गेला. दोघी आया आपापलं पोर मांडीवर घेऊन समोरासमोर बसल्या, आणि दोघींचेही डोळे शिरीषवरून हलत नव्हते.