हरवलेल्या सामानाची खिडकी

सकाळी आठलाच रांग फाटकाबाहेर गेली होती. कुणाची अंगठी हरवली होती, कुणाचं मांजर. एकाची तर बायकोच माहेरी निघून गेली होती. घराच्या खिडकीच्या गजांमागे बाबा बसले होते आणि शेजारी मामा, देवाचे खासगी सचिव असल्याच्या थाटात.

बाबांनी पस्तीस वर्षं बसस्थानकावर हरवलेल्या सामानाची खिडकी सांभाळली होती. स्मृतिभ्रंश जडल्यापासून त्यांना स्वतःच्या घरातलं न्हाणीघरही सापडेना. महिन्यापूर्वी शेजारीण खिडकीशी येऊन म्हणाली, किल्ली दिसत नाही हो. बाबा म्हणाले, उद्या या, सापडेल. किल्ली तिच्याच पर्समध्ये सापडली. झालं! मामांनी बाबांना त्रिकालदर्शी ठरवलं आणि गोळ्या बंद केल्या. गोळ्यांनी म्हणे दिव्यदृष्टीवर साय धरते.

बायको गेलेला पुढे झाला.

"रंग कोणता?" बाबांनी विचारलं.

"गव्हाळ."

"कुलूप होतं?"

तो गडबडला. मामांनी लगेच उकल केली, "तोंडाला कुलूप घाल म्हणतायत. तुझ्या." रांगेनं माना डोलावल्या.

"उद्या या," बाबा म्हणाले.

बाबांची लेक प्रयोगशाळेत रक्त तपासायची; मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. चार दिवसांत एकशे बारा प्रश्न, आणि उत्तर एकशे बारा वेळा तेच. तिनं वही दाखवली तेव्हा मामांनी, बाळ, श्रद्धेला वही लागत नाही, म्हणून तिला वाटेला लावलं. पण काल पाण्याचा घोटही न घेता चार तास बसलेले बाबा खुर्चीतून कोसळले. म्हणून आज ती स्वतःच रांगेत उभी राहिली. नंबर आला.

"माझे वडील हरवलेत," ती म्हणाली.

बाबांनी समोरची वही उघडून पेन उचललं. "खूण?"

"डाव्या भुवईवर मोठा तीळ. अंगात निळा स्वेटर."

बाबांनी सगळं नीट लिहून घेतलं. "उद्या या. सापडतील."

रांगेनं बाबांच्या भुवईकडे पाहिलं, मग स्वेटरकडे. मामांना अचानक खोकला आला.

तिनं आत जाऊन बाबांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि बायको गेलेल्याला आत बोलावून तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. बाबा त्याच्याकडे पाहून हसले. "आपण कोण?"

"खिडकी आणि पुढे उभा माणूस," ती लोकांना म्हणाली, "एवढंच त्यांच्या हाताला आणि जिभेला आठवतंय. बाकीचं आजारानं नेलंय. तुमच्या वस्तू तुम्हीच शोधल्यात. सापडल्या त्या बोलून दाखवल्यात, न सापडलेल्या विसरलात. घरी जा. आणि तुम्ही बायकोकडे जा, उद्याची वाट पाहू नका."

रांग मोडली. मामा खुर्ची उचलायला लागले, तर तिनं ती धरून ठेवली. बाबांना परत खिडकीशी बसवून ती बाहेर गेली आणि गजांमधून गोळी नि पाण्याचा पेला आत सरकवला.

"साहेब, सामान आलंय. ताब्यात घ्या."

आठवडाभर लेकीनं गोळी पुढे केली की ओठ घट्ट मिटणाऱ्या बाबांनी ती निरखली, गिळली, पेला रिकामा केला आणि वहीत झोकात सही ठोकली.