सुलनबाईची कात्री

हे तुम्ही खरं मानणार नाही, आणि मानूही नका. पण फ्रान्स देशातल्या एका नामांकित बाईनं पाटणला माझ्या माडीवर बसून अख्खा सिनेमा कापला, आणि कुठं कापायचा ते मला विचारून कापला.

तानुबाईच्या हॉटेलात मी एवढं म्हटलं की लालासाहेब सुभेदार चहा बशीत ओततो. बैठक लांबणार हे त्याला कळलेलं असतं.

"सोड गड्या. आमी हाय ऐकाय."

माझी नात शिवांजली दाराशी स्कूटीवर बसून फोनकडे बघत होती. मला न्यायला आली होती खरी, पण आम्ही दोघं थांबलो होतो ते फ्रान्सहून यायच्या उत्तरासाठी. सकाळी मीच तिला विचारायला लावलं होतं, की सिनेमातला रंगूचा तो तुकडा अजून कुठं पडून आहे का. रंगू म्हणजे माझी बायको, रंगूबाई. गेल्या वर्षी गेली. भिंतीवर फोटो आहे, पण फोटो काही बोलत नाही.

तर बाईचं नाव सोलांज. आमच्या आळीनं तिची सुलनबाई केली. कोयनाकाठच्या माणसांचं चित्रण करून फ्रेंच मंडळी परत गेली, ही सत्तरीची बाई तेवढी मागं राहिली. सिनेमा जोडताना ज्यांची तोंडं कापायची, त्यांच्या शेजारी राहिल्याशिवाय तिचा हात चालत नाही म्हणे. माझी माडी तिनं भाड्यानं घेतली. शिवांजलीला इंग्रजी येतं, म्हणून आमच्यामधली दुभाषी तीच.

"एवढ्या मोठ्या बाईला तुजा सल्ला कशापायी?" लालासाहेब म्हणाला.

"आरं, तिचा हात ऐक आधी. एका शिनेमात नवरा-बायको भांडत हुती. बाईनं मधलं भांडण असं सफाईनं उडीवलं, की त्या नटानं अन् नटीनं खरंच लगीन केलं. बारशाला बाईला बोलावणं! आनि एकदा घोड्यांची शर्यत कापली, तर हरल्याला घोडा जिंकला. मालक आला की बक्षीस मागाय."

"मिळालं का?" तानुबाईनं शेगडीवरूनच विचारलं.

"निम्मं. पडद्यावर घोडाच निम्मा हुता."

हॉटेल हसलं. शिवांजली हसली नाही, फोन बघत राहिली.

"आता म्होरचं माझं न्हाई, बाईनं सांगितल्यालं हाय." मी आवाज खाली आणला. "तरनी असताना फिल्मच्या पट्ट्या चिकटवायची ती. मग पयला मोठा शिनेमा हाती आला, तो तिच्याच घरच्या पावाच्या भट्टीवरचा. थोरल्या भनीचा नवरा वारला हुता. ती भट्टीम्होरं बसून रडली, त्ये सगळं चित्रात आलं. भन म्हनली, काढ त्ये. हिनं ठेवलं. शिनेमाला मान मिळाला, हिचं नाव झालं, अन् भन मरस्तवर हिच्याशी बोलली न्हाई."

"आई गं," तानुबाई म्हणाली.

"तवापास्नं बाईचा नेम. पडद्यावर आल्याला मानूस काढ म्हनला, की काढायचं. नुसतं काढायचं न्हाई, पुसूनच टाकायचं. मागं ठेवलं की हात शिवशिवतो म्हनली."

लालासाहेबानं बशी खाली ठेवली. "मग रंगूवैनी कशी न्हाई रं शिनेमात? सांगलीला वडापची जीप करून समदी आळी गेली बघाय. बिराप्पाची शेरडं हायती, माझं बूट हायती. वैनीनं तर आमच्याम्होरं उखाणा घेतला हुता."

घेतला होता. नवऱ्याचं नाव काय, असं कॅमेऱ्यावाल्यानं विचारलं. नुसतं नाव घेईल तर ती रंगू कसली! लग्नात घेतलं असेल आणि पुढं हळदीकुंकवात. एरवी जन्मभर "आवं, ऐकलं का" यावर भागलं. पदर सारखा केला आणि म्हणाली,

"कोयनेच्या धरणाला दारं हायती सहा,
नाथाजीराव गेलं लढाईवर, तितं करीत बसलं चहा."

आळी अशी हसली की कॅमेरा हलला. याच हॉटेलात मी वर्षानुवर्षं सरहद्दीवरची एक टेकडी एकट्यानं जिंकत आलो होतो. फौजेच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, केलेल्या चहाचं मी कुणापाशी बोललो नव्हतो. रंगूला तेवढं ठाऊक. तिच्या डोळ्यांत खोडी होती, वाईट काही नव्हतं. ते मला तेव्हा दिसलं नाही.

सिनेमा सांगलीला लागला तोवर रंगू गेली होती. मी पुढच्या रांगेत बसलो. पडद्यावर आमचं अंगण आलं, जोत्यावर रंगूचं सूप आलं, सुपात निवडायचे तांदूळ. आता ती येईल असं वाटून मी ताठ बसलो, आणि एकदम नदीच आली.

दाराशी फोन वाजला. शिवांजलीनं वाचलं. माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली. नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. चहा निवून साय धरली होती.

"शिनेमा लांबत हुता रं," मी म्हणालो. "फ्रान्सची मानसं लय वेळ बसत न्हाईत. मी बाईच्या हातापाया पडलो, म्हनलं, बाकी समदं काप, एवढं ठिव. माजं नाव घेतलंय तिनं. पर बाईची कात्री चालली की चालली. दयामाया न्हाई तिला."

"आबा, खोटं हाय हे."

शिवांजली स्कूटीवरून उतरून आत आली होती.

"कात्री कुठली, लॅपटॉप होता. आणि बाई ठेवायचंच म्हणत होती. एकदा पुसलं की परत मिळणार नाही, नक्की ना, असं तिनं मला दोनदा विचारायला लावलं. तुम्ही दोन्ही वेळा म्हणालात, पूस. इंग्रजीत ते मीच सांगितलं."