घाई करू नये

अरविंदरावांनी लाल पेन्सिलीने तिसरे उद्गारचिन्हही खोडले आणि कागद सुनेपुढे सरकवला.

"हा माणूस ओरडतो आहे," ते म्हणाले. "याला औषध विकायचं आहे की आग लागल्याची दवंडी पिटायची आहे?"

मृदुला हसली. बडोद्याच्या वासणा भागातल्या फ्लॅटमधली मागची खोली तिचे कार्यालय होती. दोन संगणक, एक पंखा आणि इंटरनेटवरच्या जाहिरातींचा तिचा नवा व्यवसाय, एवढेच त्या खोलीत मावे. कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला असलेला तिचा नवरा, सलील, या व्यवसायाला 'मृदुलाची दुकानदारी' म्हणे. सासरे काहीच म्हणत नसत. त्यांचे मत एकदा सुरू झाले की निकालपत्रासारखे लांबत जाई, हे घरात सर्वांना ठाऊक असल्याने ते कोणी विचारीतही नसे.

आज मात्र तिनेच विचारले होते. बाहेरगावच्या एका कंपनीचे डोळ्यांत घालायचे थेंब होते आणि कंपनीने जाहिरातीचा मजकूर हिंदीवरून मराठीत उतरवून धाडला होता: 'डोळ्याचे ऑपरेशनपासून सुटकारा! शंभर टक्के ग्यारंटी! आजच मागवा!'

"मराठी पेपरांच्या साइटवर जायचं आहे, बाबा. बडोदं, इंदूर, ग्वाल्हेर. सगळे आपले लोक. त्यांना हे असलं वाचवणार नाही ने."

'आपले लोक' या शब्दांनी काम केले. अरविंदरावांचे आजोबा संस्थानच्या भाषांतर कचेरीत होते, वडीलही तिथेच चिकटले, आणि स्वतः अरविंदरावांनी सरकारी नोकरीची सगळी वर्षे इतरांची पत्रे सरळ करण्यात घालवली. वाकडी भाषा हे वाकड्या मनाचे लक्षण होय, हा त्या घरातला जुना सिद्धान्त होता. त्यांनी 'शंभर टक्के' काढून टाकले, कारण सज्जन मनुष्य कशाचीच शंभर टक्के हमी देत नाही. 'आजच मागवा' काढले, कारण ते निर्लज्ज होते. मग थोडा वेळ खिडकीबाहेर पाहून त्यांनी उरलेल्या जागेत लिहिले:

'डोळ्याच्या बाबतीत घाई करू नये. शस्त्रक्रियेचा मार्ग उद्याही मोकळाच असतो. आज डोळ्याला थोडा अवधी देऊन पाहावा.'

मृदुलाने ते दोनदा वाचले.

"औषधाचं नाव राहिलं."

"ते खाली. बारीक अक्षरांत."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही या धंद्यात फार पुढे गेला असता."

अरविंदरावांनी ते थट्टेवारी नेले. त्या थेंबांत काय आहे, हे त्यांनी विचारले नाही. त्यांच्या हाती एक वाक्य देण्यात आले होते आणि ते त्यांनी नीट करून परत दिले होते.

दिवाळी उलटल्यावर एका गुरुवारी ते नेहमीप्रमाणे रावपुऱ्यात श्रीपतरावांकडे गेले. श्रीपतराव कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. दोघांची मैत्री शाळेपासूनची, आणि तिचा मुख्य व्यवसाय भांडण हा. भांड्यांच्या दुकानावरच्या श्रीपतरावांच्या घरात आता संगणक आला होता. मुंबईचा मराठी पेपर बडोद्यात शिळा होऊन पोचे, म्हणून तो पडद्यावर वाचायला भाच्याने हे यंत्र बसवून दिले होते.

"ये, अरविंदा. आज कशावर भांडायचं?"

"आधी चहा तर पाज."

निरुपमावहिनींनी चहा आणला. श्रीपतरावांनी कप उचलून बशीत ओतला, पण धार बशीच्या बाहेर, टेबलावर पडली. वहिनींनी फडक्याने टेबल पुसले. त्या पुसण्यात सवय होती.

"काय रे, बशी दिसेना की काय?" अरविंदराव हसत म्हणाले.

वहिनींनी फडके टेबलावरच ठेवले.

"सांगा ने आता," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "भाऊजींपासून तरी काय लपवायचं?"

मग वहिनींनीच सांगितले. काचबिंदू. उन्हाळ्यात निघाला. डोळ्यातला दाब औषधाने आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीची तारीख दिली होती. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. यांनी ती तारीख रद्द केली. वर डॉक्टरांचे थेंबही बंद करून भलतेच काही घालू लागले.

"भलतंच नव्हे," श्रीपतराव म्हणाले. "मी विचार केलेला आहे."

"कसला विचार?" अरविंदरावांनी विचारले.

श्रीपतरावांनी संगणकाकडे हात केला. पण पडद्याकडे पाहिले नाही. पाठ असलेला श्लोक म्हणावा तसे, शब्द सुटे सुटे करून ते म्हणाले:

"डोळ्याच्या बाबतीत घाई करू नये. शस्त्रक्रियेचा मार्ग उद्याही मोकळाच असतो. आज डोळ्याला थोडा अवधी देऊन पाहावा."

मग खुर्चीला टेकून ते समाधानाने म्हणाले, "ऐकलंस? पेपर उघडला की बाजूला हेच येतं. रोज. काय भाषा आहे! 'पाहावा' म्हणतो, अरविंदा. 'मागवा' म्हणत नाही. लुटारू माणूस असं लिहीत नसतो. भाषेवरून माणूस ओळखावा, हे तूच सांगत आलास ने मला जन्मभर?"

अरविंदरावांनी कप टेबलावर ठेवला. बोलण्यासारखे त्यांच्याजवळ एकच वाक्य होते आणि ते त्यांना उच्चारता येईना.

"दुसऱ्या डॉक्टरला तरी दाखव," ते अखेरीस म्हणाले, आणि चहा न पिताच उठले.

रिक्षात त्यांनी स्वतःचे वकीलपत्र घेतले. घाई करू नये, हे तत्त्व म्हणून निर्दोष आहे. अवधी द्यावा, हेही. 'उद्याही मोकळाच असतो' हे विधान मोतीबिंदूपुरते खरे होते. काचबिंदूचा तर उल्लेखही नव्हता. एका सामान्य विधानाचा कोणी विशेष अर्थ लावला, तर लेखक कितपत उत्तरदायी? युक्तिवाद चांगला होता. अकोट्याचा पूल येईपर्यंत तो टिकला. मग त्यांना टेबलावरचे ते फडके आठवले आणि वकील मध्येच खाली बसला.

घरी मृदुला काम करीत होती. त्यांनी उभ्यानेच सगळे सांगितले. ती ऐकता ऐकता खुर्चीतून अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

"श्रीपतकाका?"

"ती जाहिरात त्याला रोज का दिसते? मला तर एकदाही दिसली नाही."

"तुम्हाला कशी दिसेल? तुम्ही डोळ्यांचं काही वाचत नाही." ती सावकाश बोलू लागली. "काकांनी कधीतरी काचबिंदूबद्दल शोधलं असेल, एखादा लेख उघडला असेल. यंत्र लक्षात ठेवतं. मग ते जिथे जातील तिथे जाहिरात पाठोपाठ जाते. ज्याला डोळ्याची भीती आहे त्यालाच दाखवायची, इतरांवर पैसे का घालवायचे? असंच चालतं हे, बाबा."

"म्हणजे श्रीपतीला भीती वाटते हे त्या यंत्राला उन्हाळ्यातच कळलं," अरविंदराव म्हणाले. "मला आज कळलं. मी दर गुरुवारी त्याच्यासमोर बसतो."

मृदुलाने दुसरी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"आणि ते मूळचं? ओरडणारं?"

"तेही लावलं होतं. आधी दोन्ही चालवून बघतात, कोणतं जास्त चालतं ते. ते फारसं कोणी उघडत नव्हतं. तुमच्या मजकुरावर चौपट लोक आले. बाबा, ते उद्गारचिन्हवालं वाचून माणूस सावध होतो ने. तुमचं वाचून होत नाही."

अरविंदराव खुर्चीवर बसले.

"तुला ठाऊक होतं, त्या थेंबांत काय आहे ते?"

"मी विचारलं नाही." मग तिने मान वर केली. "तुम्हीही नाही विचारलं."

हे खरे होते आणि त्यात उद्धटपणा नव्हता. त्यांनी मान डोलावली.

"बंद कर ते."

"करते. आत्ता करते. हे काम जाईल, जाऊ दे." तिने संगणकाकडे वळून काही बटणे दाबली. "पण मजकूर कंपनीकडे गेलेला आहे. त्यांनी तो आणखी कोणाकोणाला दिलाय. त्यांच्याकडून चालूच राहील. ते वाक्य आता तुमचं नाही राहिलं, बाबा."

दुसऱ्या दिवशी गुरुवार नसतानाही अरविंदराव रावपुऱ्याचा जिना चढले. वहिनी दारातच चकित झाल्या. श्रीपतराव खिडकीपाशी मान एका बाजूला कलती करून बसले होते. रस्ता ते आता डोळ्याच्या एका कोपऱ्यातून बघत.

"आज कसा रे? सुनेनं घराबाहेर काढलं की काय?"

"श्रीपती, ती जाहिरात मी लिहिली."

श्रीपतरावांनी कलती मान सरळ केली.

"कोणती?"

"तुझी पाठ असलेली. सुनेनं कागद दिला, मी दुरुस्त केला. औषध कसलं आहे हे मला ठाऊक नव्हतं. अजून नाही. ते बंद कर आणि दवाखान्यात चल."

श्रीपतरावांच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरू लागले. तो राग असावा असे अरविंदरावांना वाटले, आणि त्यासाठी ते तयार होते. परंतु तो राग नव्हता.

"तू लिहिलंस?" श्रीपतराव म्हणाले, आणि मोठ्याने हसले. "अगं, ऐकलंस का? यानं लिहिलंय ते! मला वाटलंच होतं, हा हात ओळखीचा आहे. मग तर प्रश्नच मिटला. मी म्हणत होतो, हे कोणा ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे."

"अरे, मिटला कसा? ते खोटं आहे."

"तू लिहिलेलं खोटं? आजवर एक अर्ज खोटा लिहिला नाहीस तू. माझ्या रजेचासुद्धा! किती विनवलं होतं, ताप आला म्हणून लिही. नाही लिहिलंस."

"श्रीपती—"

"बरं, सांग, यात खोटं काय आहे? घाई करू नये, यात काय खोटं? अवधी द्यावा, यात काय खोटं? चल, भांड."

अरविंदरावांनी तोंड उघडले. उद्याचा मार्ग मोकळा नसतो, हे त्यांना सांगायचे होते, आणि त्यावरचे श्रीपतरावांचे उत्तरही त्यांना ऐकू येत होते: डॉक्टर घाबरवतात, तू तर स्वतः लिहिलंस. आजवरच्या प्रत्येक भांडणात जे त्यांचे बळ होते, तेच समोर बसून त्यांच्याशी वाद घालीत होते. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी अरविंदरावांकडे पाहिले; वाद कोण जिंकतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

"मी भांडणार नाही," अरविंदराव म्हणाले. "तू फक्त एवढं कर. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे मी चांगलं लिहिलं, म्हणून ते खरं धरू नकोस. मला जमलं म्हणून मी लिहिलं. खरं आहे की नाही हे मी पाहिलंच नाही. हे असं मी याआधीही केलं असेल. मला सांगता येणार नाही."

श्रीपतरावांचे हसू एकदम गेले नाही. ते हळूहळू ओसरले. खाली दुकानात कोणीतरी पितळी भांडे वाजवून पाहत होते. श्रीपतरावांनी हात लांबवून टेबलावर चाचपले, थेंबांची बाटली सापडली, ती मुठीत धरली आणि तशीच धरून ठेवली.

"मग इतकी वर्षं तुझं जे जे ऐकलं," ते म्हणाले, "त्याचं मी काय करू?"



मग श्रीपतरावांनी मान वळवली. ती अरविंदरावांकडे वळली नाही, दाराकडे वळली. नजर नेमकी कुठे लावावी हे कळत नसल्यासारखी ती क्षणभर भिरभिरली आणि मग चौकटीपाशी थांबली.

"तुला काय वाटतं गं?" त्यांनी विचारले.

निरुपमावहिनी त्या घरात आल्यापासून हा प्रश्न त्यांना कोणी विचारल्याचे अरविंदरावांना आठवेना. त्या आत आल्या, नवऱ्याच्या मुठीतली बाटली काढून घेतली आणि फोनपाशी गेल्या. डॉक्टरांचा नंबर त्यांना पाठ होता.