चौदा जण आणि एक जिना

वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर चौदा जण राहत होते. आगीचा भोंगा वाजल्यापासून सहा मिनिटांत सगळे अंगणात पोचले पाहिजेत, असा नियम होता. मागच्या वर्षीच्या तालमीत नऊ मिनिटं लागली होती. यंदाही जमलं नाही तर वरच्या मजल्याचा परवाना रद्द होणार होता आणि चौदा जणांना जिथे खाट रिकामी असेल तिथे, एकेकट्याला, पाठवावं लागणार होतं. मेट्रनबाईंनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. अर्थात ते सगळ्यांना माहीत होतं.

गुरुवारी दहा वाजता अग्निशमन खात्याचे अधिकारी ठरल्याप्रमाणे आले. भोंगा वाजला. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी चौदावं माणूस अंगणात उभं होतं.

"वा," म्हणत अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण काढलं.

मेट्रनबाई मात्र सगळ्यांच्या पायांकडे बघत होत्या. चौदाही जणांच्या पायांत बूट, नाड्या नीट बांधलेल्या. त्यांतल्या मास्तरीणबाईंचं वय ब्याऐंशी. त्या नाड्यांना दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत, आणि एका बुटाला त्यांना चार मिनिटं लागत.

"मास्तरीणबाई, बूट कधी घातलेत?"

"साडेआठला." खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. "मग जिन्याच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसलो सगळे. कंट्रोलरनी सांगितलं तसं."

कंट्रोलर म्हणजे बस डेपोतून निवृत्त झालेले गृहस्थ. गाड्या वेळेवर सोडण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. ते आभाळाकडे बघू लागले.

"साहेब, ही वेळ लिहू नका," मेट्रनबाई म्हणाल्या.

"अहो बाई!" कंट्रोलर उसळले. "हातातोंडाशी आलेला घास घालवलात! कोणासाठी केलं आम्ही हे? तीन दिवस सराव केला, माझे गुडघे बोलायला लागले."

"खरी आग तुम्हाला आदल्या दिवशी कळवून लागणार आहे का?"

"आमच्या डेपोत तपासणीवाले कळवूनच यायचे."

"म्हणूनच गाड्या वाटेत बंद पडायच्या," मागून कोणीतरी म्हणालं, आणि अंगणात हशा पिकला.

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी टोपण लावलं. "महिन्याभरात पुन्हा येईन. कधी ते सांगणार नाही. तेव्हा वेळ चुकली, तर मग माझ्या हातात काही नाही."

कंट्रोलर दोन दिवस मेट्रनबाईंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपून सगळे आडवे झाले असताना, मेट्रनबाईंनी स्टॉपवॉच त्यांच्या हातात ठेवलं. "तुम्ही सगळ्यांच्या मागून या. कुठे किती वेळ जातो ते मला हवंय." आणि त्यांनी भोंगा वाजवला.

संध्याकाळी कंट्रोलर कागद घेऊन त्यांच्या खोलीत आले.

"आठ पन्नास. दीड मिनिट काठ्या शोधण्यात गेलं. झाडणाऱ्या बायका त्या दाराआड उभ्या करतात. ते एका खुंटीचं काम आहे. पण पावणेतीन मिनिटं गाडी जिन्यातच उभी होती."

"उभी म्हणजे?"

"मास्तरीणबाईंची खोली जिन्याला लागून. त्या पहिल्या उतरायला लागतात, एकेका पायरीवर दम घेत. जिना दोन माणसांच्या रुंदीचा आहे हो, पण त्यांना ओलांडून जाणार कोण? बारा जण मागे हात बांधून उभे. मीसुद्धा."

उपाय कपाटातच होता. पट्ट्यांची आणि दांड्यांची खुर्ची, दोन मदतनीस बायकांनी उचलायची. मास्तरीणबाईंनी त्यात बसून सगळ्यांच्या शेवटी उतरायचं.

"मी काय सामान आहे?" त्या म्हणाल्या.

"बाई, डेपोत शेवटच्या गाडीचा मान मोठा असतो," कंट्रोलर म्हणाले.

"लाडीगोडी नको. खरं सांगा, माझ्यामुळे बाकीचे अडकतात?"

कंट्रोलरांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीची दांडी पुसत होत्या.

"हो, अडकतात."

"मग दोन वर्षांत कोणाच्या तोंडाला कुलूप लागलं होतं का?"

"तुमच्यासमोर तोंड उघडायची हिंमत आहे का कोणाची?"

मास्तरीणबाईंनी खुर्चीचा पट्टा ओढून पाहिला. मग म्हणाल्या, "आधी त्या खुर्चीत धान्याची गोणी बसवा. चार दिवस तिला खालीवर करा. ती पडली नाही, तर मी बसेन."

पहिल्या दिवशी वळणावर खुर्ची तिरकी झाली आणि गोणी घरंगळली. मेट्रनबाईंनी खालचा पट्टा बदलून घेतला आणि मागची मदतनीस पुढे आणली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मास्तरीणबाई आपणहून खुर्चीत जाऊन बसल्या. खाली पोचेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

अधिकारी एकोणिसाव्या दिवशी आले, सकाळी सव्वाआठला, ऐन आंघोळींच्या वेळी. भोंगा वाजला. एक जण अर्ध्या दाढीनिशी उतरला, एक जण पंचा गुंडाळून. बूट कोणाच्याच पायात नव्हते. खुर्ची शेवटी आली. मेट्रनबाईंनी डोकी दोनदा मोजली.

"पाच मिनिटं पंचवीस," अधिकाऱ्यांनी मोठ्यांदा वाचलं, लिहिलं आणि सही केली.

अंगणात टाळ्या वाजल्या. मास्तरीणबाई अजून पट्ट्यांत बांधलेल्याच होत्या.

"खाली आणलंत, छान झालं," त्या म्हणाल्या. "आता वर कोण नेणार?"

दोघी मदतनीस धापा टाकत कंट्रोलरांकडे बघायला लागल्या.

"पुढची गाडी," कंट्रोलर म्हणाले, "पंधरा मिनिटांनी."