तीन थरांचं रडणं

"जगात जे जे एकमेकांना जोडलेलं आहे, ते शेवटी एका ठेक्यात येतंच," असं प्रणवने जाहीर केलं. एकमेकांना बांधलेल्या लंबकांवर पीएचडी करणारा हा भाचा सुभद्रामामीच्या अंत्ययात्रेला पोहोचला, तेव्हा मंडळी स्मशानातून परतून आंघोळी उरकत होती.

आज तिसरा दिवस. वसईच्या त्या घरात ओटीवर बायका, माडीवर पुरुष आणि स्टुलावर टेकवलेल्या फोनात मस्कतची लेक ऋतिका. नवं कुणी दारात आलं, की मामांची, म्हणजे पांडुरंगांची, बहीण यमुना हुंदका काढी. तो ओटीभर पसरे, जिन्याने वर जाई, माडीवर घसे खाकरले जात आणि नेटवर्क मंद असल्याने ऋतिका जरा मागाहून सुरू होई. पण थोड्याच वेळात सगळ्यांचं असं जुळे, की भजनी मंडळाला हेवा वाटावा.

पांडुरंग मात्र ओटीच्या खांबाला टेकून कोरडे. डोक्यावरचा पंखा तीन दिवस अखंड गरगरत होता; भिंतीवरच्या डझनभर बटणांतलं त्याचं कुठलं, ते कुणालाच सापडत नव्हतं. रडायचं होतं त्यांना. सुभद्राबाईंनी लावलेल्या केळी, त्यांच्या औषधांचा डबा, काय काय आठवून पाहिलं. छातीत नुसतं ओलं पोतं ठेवल्यासारखं. त्यांना काही वाटलेलं दिसत नाही, ही बायकांची कुजबुज कानावर आली होती. तीच खरी निघाली तर, ही धास्ती होती.

"काय रे, मीच कसा सुटलो यातून?" त्यांनी प्रणवला हळूच विचारलं.

"होतं असं, मामा. ओटी एक थर, माडी दुसरा, फोन तिसरा. सगळे जोडलेले असूनही काही तालात, काही बेताल. त्याला नावसुद्धा आहे."

"नाव राहू दे. मला बायकोचं काही वाटत नाही, असं निघतं का त्यातून?"

"तेवढं नाही सांगता येत. आम्ही लंबक घेतो, नवरे नाही घेत."

यमुनेने ऐकलं असावं. "दादा, मोकळा हो रे," ती म्हणाली.

अख्खी ओटी वळली. जिन्यात माडीवरची डोकी दिसू लागली. फोनात ऋतिकाने रुमाल धरला. तिन्ही थर एकदम गप्प झाले. इतकं चोख जुळलेलं प्रणवने संगणकावरही पाहिलं नव्हतं.

पांडुरंगांचे ओठ हलले.

"बटण कुठलं, ते तिलाच ठाऊक," ते म्हणाले. "पण तो पंखा बंद करा जरा कुणीतरी."